पूर्वअटीसकट



आज पदवी घेतलेल्या तुम्ही सगळ्यांनी बायनरी सर्च लिहिलेला आहे. प्रॅक्टिकलला लिहिलात, तोंडी परीक्षेत सांगितलात, कंपनीच्या मुलाखतीत पुन्हा फळ्यावर लिहिलात. क्रमाने लावलेली यादी घ्यायची, मधला घटक बघायचा, मग डावीकडे किंवा उजवीकडे जायचं. मधला कसा काढलात? यादीच्या दोन टोकांचे क्रमांक लो आणि हाय; लो अधिक हाय, भागिले दोन. जॉन बेंटली यांनी १९८६ च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात हा प्रोग्रॅम बरोबर असल्याची सिद्धता दिली. त्यांचे एकेकाळचे विद्यार्थी जोशुआ ब्लॉक यांनी तो जावाच्या लायब्ररीत लिहिला. जगभर चालला. २००६ मध्ये ब्लॉक यांनीच जाहीर केलं की त्यात बग आहे, आणि तो नऊएक वर्षं तिथेच बसून होता. यादी शंभर कोटी घटकांच्या पलीकडे गेली की लो आणि हाय यांची बेरीज ३२ बिटांत मावेनाशी होते, ऋण होते आणि प्रोग्रॅम आपटतो.

मग बेंटलींची सिद्धता चुकली होती का? गणितातल्या पूर्णांकांसाठी ती बिनचूक आहे. पण गणितातल्या संख्यारेषेला शेवट नाही, आणि जावातला साधा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो. सिद्धतेने काहीतरी गृहीत धरलं होतं आणि ते कुठे लिहिलं नव्हतं. माझी सगळी नोकरी या न लिहिलेल्या ओळींच्या मागे गेली, म्हणून आज त्यांच्याबद्दलच बोलणार आहे.

प्रोग्रॅम चालवून बघण्याला टेस्टिंग म्हणतात. तुम्हाला ते येतं. प्रोग्रॅम न चालवता, तो कुठल्याही इनपुटवर बरोबरच वागेल हे गणिताने सिद्ध करणं, हा आमचा धंदा. ॲलन ट्युरिंग यांनी १९४९ मध्येच केंब्रिजला हा प्रश्न मांडला होता. १९६९ मध्ये टोनी होअर यांनी त्याला आजचं रूप दिलं: आधी पूर्वअट, मग प्रोग्रॅम, मग उत्तरअट. पूर्वअट खरी असेल आणि प्रोग्रॅम संपला, तर उत्तरअट खरी असेल. विद्यार्थी उत्तरअटीवर रात्री जागवतात. पूर्वअट मात्र प्रस्तावनेसारखी, वाचली तर वाचली.

ती न वाचल्याची एक फार महागडी गोष्ट ४ जून १९९६ ला घडली. युरोपचं नवं रॉकेट एरियन ५ उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आतच फुटलं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियन ४ वरून जसंच्या तसं उचललं होतं. त्यात ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात भरली जात होती, आणि तिथे ३२,७६७ च्या वर जागा नाही. हे त्या अभियंत्यांना कळलं नव्हतं असं समजू नका. अशा सात संख्या त्यांनी हेरल्या होत्या. त्यांपैकी चार सुरक्षित केल्या आणि तीन मुद्दाम तशाच सोडल्या, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि एरियन ४ च्या मार्गावर त्या तीन संख्या तेवढ्या मोठ्या होऊच शकत नव्हत्या. तर्क बरोबर होता. पण एरियन ५ सुरुवातीलाच आडवा वेग फार लवकर पकडायचं, त्यामुळे त्यांतली एक संख्या मावेनाशी झाली आणि यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेली राखीव यंत्रणाही त्याच सॉफ्टवेअरवर चालत होती, त्यामुळे तीही त्याच कारणाने बंद पडली. कळस म्हणजे, हा हिशेब करणारा भाग एरियन ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता.

चौकशी समितीच्या अहवालातलं एक निरीक्षण मी दर वर्षी वर्गात सांगते. त्या तीन संख्या का सोडल्या, याचं कारण खुद्द कोडमध्ये कुठेच नोंदलेलं नव्हतं. कारण सगळ्यांना मान्य होतं, पण ते कागदांच्या ढिगात गडप झालं होतं.

इथे बसलेल्या बऱ्याच पालकांच्या घरी द्राक्षाची नाहीतर कांद्याची शेती असेल. जमीन विकत घेताना तुम्ही सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना आधी बघता: बोजा आहे का, कुणाची वहिवाट आहे का. जमीन हातोहात फिरली तरी तो रकाना तिच्याबरोबर जातो. एरियन ४ चा कोड त्या रकान्याशिवाय नव्या मालकाकडे गेला.

आता प्रोग्रॅम सिद्ध करण्याचं हे काम आपल्याकडे कोण करतं ते सांगते, कारण ‘हे परदेशातलं’ असा समज अजून आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि आयआयटीत या विषयावर अनेक दशकं काम चालू आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी मिळून सी भाषेतले प्रोग्रॅम तपासणारं एक साधन तयार केलं आणि २००२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. प्रोग्रॅमरने पूर्वअटी आणि उत्तरअटी कोडमध्येच लिहायच्या आणि यंत्राने त्या सिद्ध करायच्या, अशी त्याची रीत. पुण्यात टाटांनी १९८१ मध्ये काढलेल्या संशोधन केंद्रातल्या गटाचं ‘व्हेरीॲब्स’ हे साधन प्रोग्रॅम तपासणाऱ्या साधनांच्या २०२० च्या जागतिक स्पर्धेत आपल्या विभागात पहिलं आलं. आणि वेळ मोजणाऱ्या यंत्रणा तपासण्याचं गणित, म्हणजे टाइम्ड ऑटोमेटा, डेव्हिड डिल यांच्या जोडीने घडवणारे राजीव अलूर यांचा जन्म पुण्याचा. २०१६ मध्ये या दोघांना पहिला ॲलोन्झो चर्च पुरस्कार मिळाला.

एक आडबाजूची गोष्ट. इथून रेल्वेने चाळीसगाव फार लांब नाही. तिथल्या पाटण्याच्या देवळात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. उपपत्तीवाचून, म्हणजे सिद्धतेवाचून, गणिती सभेत मान मिळवू शकत नाही, असं भास्कराचार्यांचं मत होतं. तिकडे कधी गेलात तर तो दगड बघून या.

सिद्धतेच्या या वाटेला येणाऱ्याला मी खोटी आशा दाखवत नाही. काम मंद आहे. दोन दोन वर्षं एक सिद्धता पुढे सरकत नाही आणि बरोबरचे मित्र तेवढ्यात फ्लॅट बुक करतात. शिवाय कुठल्याही प्रोग्रॅमबद्दल अचूक निवाडा देणारं यंत्र बनूच शकत नाही, हे ट्युरिंग १९३६ मध्येच सांगून गेलेत. त्यामुळे आमची साधनं कधीकधी ‘माहीत नाही’ असं उत्तर देतात. मला तो त्यांचा गुणच वाटतो.

आणि सिद्धता अडते तिथेच खरी कमाई असते. २०१५ मध्ये युरोपातले काही संशोधक जावातलं, यादी क्रमाने लावणारं टिमसॉर्ट सिद्ध करायला बसले. ते सिद्ध होईना, आणि का होत नाही हे शोधताना त्यांना त्यातला बग सापडला. कोट्यवधी फोनमध्ये तो तोवर शांतपणे बसून होता.

ऑस्ट्रेलियातल्या गटाने २००९ मध्ये एसईएल-फोर हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सिद्ध केला. सीच्या सुमारे ८,७०० ओळी, आणि त्यांच्या सिद्धतेच्या जवळपास दोन लाख. माझ्या मते त्यावरच्या त्यांच्या निबंधाचा सगळ्यात चांगला भाग म्हणजे त्यातली गृहीतकांची यादी. कंपायलर बरोबर आहे असं मानलंय, हार्डवेअर बरोबर आहे असं मानलंय, यंत्र सुरू करणारा कोड तपासलेला नाही, असं त्यांनी सरळ लिहून ठेवलं. यादी लिहिलेली होती म्हणूनच पुढच्या लोकांनी कंपायलरवरचं अवलंबन काढून टाकण्याचं काम हाती घेतलं.

तुमच्यातले काहीजण ओझरला विमानांच्या कारखान्यात जातील. विमानातल्या सॉफ्टवेअरच्या मानकाला २०११ पासून औपचारिक सिद्धतेची स्वतंत्र पुरवणी आहे; ती मागवून वाचा. बाकीचे जिथे जातील तिथे निम्मा कोड यंत्र लिहून देईल. पण तो कुठल्या अटींवर चालतो, ते तुम्हालाच विचारावं लागेल. डॅफ्नी, फ्रामा-सी, सीबीएमसी ही साधनं फुकट मिळतात. तुमचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट काढा आणि त्यातल्या एकाच फंक्शनची पूर्वअट लिहून बघा. पीएचडीचा विचार असलेल्यांनी ती लिहिलेली पूर्वअट मला दाखवावी, गुणपत्रिका नको. जेवणानंतर मी ग्रंथालयात बसणार आहे.