न दुखणारा चट्टा : मुखकर्करोगाची पूर्वचिन्हे

आजार ओळखण्याची सर्वसामान्य माणसाची कसोटी वेदना ही असते, आणि मुखकर्करोगाच्या बाबतीत नेमकी तीच कसोटी घात करते. कारण या रोगाच्या आरंभीच्या खुणा बहुधा दुखत नाहीत, आणि दुखू लागते तेव्हा रोग बराच खोल गेलेला असतो. उष्णतेने आले असे म्हटले जाते ते तोंड झोंबते, जेवू देत नाही, पण आठ-दहा दिवसांत बरे होते. याउलट दोन आठवडे उलटूनही न भरणारा, कड टणक लागणारा व्रण दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवावा लागतो.

व्रणाच्याही आधी चट्टा येतो. गालाच्या आतल्या अस्तरावर किंवा हिरडीवर उमटणारा, घासूनही न निघणारा आणि दुसऱ्या कोणत्याही ज्ञात आजाराने ज्याचा उलगडा होत नाही असा पांढरा चट्टा म्हणजे ल्युकोप्लाकिया. असे बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत पोहोचत नाहीत, परंतु कोणता पोहोचेल हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा, ज्याला एरिथ्रोप्लाकिया म्हणतात, तो क्वचित आढळतो, पण पांढऱ्यापेक्षा कितीतरी अधिक धोक्याचा असतो. तंबाखूचा बार धरला जातो ती गाल आणि खालची हिरडी यांमधली खाच ही भारतात या रोगाची नेहमीची जागा आहे.

तिसरी अवस्था सुपारीशी निगडित आहे. मुंबईतील डॉ. जोशी यांनी 1953 मध्ये वर्णिलेल्या आणि पुढे सबम्यूकस फायब्रोसिस या नावाने रूढ झालेल्या या विकारात अस्तराखाली तंतू साचून गाल ताठर होतात, तिखट लागताच आग होते आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर तपासणी लांबवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगकारक ठरवली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. सुगंधी सुपारीला मात्र अजूनही पुष्कळ घरांत निरुपद्रवी मानले जाते, हे नवलच म्हणायचे.

पुणे जिल्ह्यातील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासून डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीपासून ग्रामीण महाराष्ट्रातील हा प्रश्न नोंदलेला आहे. मिश्री, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, व्यसन न मानता दंतमंजन मानली गेल्याने ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक स्त्रिया प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतात. म्हणून प्रश्न मिश्रीचे नाव घेऊनच विचारावा लागतो. दाढदुखीवर तीच लावण्याच्या प्रथेत तर खूण आणि तिचे कारण एकाच बोटावर असतात. श्रीरामपूरसारख्या उसाच्या तालुक्यात अडचण आणखी वेगळी आहे : तोडणीच्या हंगामापुरते येणारे मजूर आज या फडावर, उद्या त्या फडावर असतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी पुन्हा तोंड पाहणार कोण, हा प्रश्न उरतोच.

हिरडीचा आजार नसताना हलू लागलेली दाढ, ओठाला आलेली बधिरता, मानेतली न दुखणारी गाठ, कानात दोष नसताना एकाच बाजूचा कान ठणकणे, ह्या पुढच्या पायऱ्या होत. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी केवळ उजेडात तोंड पाहण्याचा प्रयोग केला आणि 2005 मध्ये त्याचे जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले आढळले. संशयित जागेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, म्हणजे बायॉप्सी, हेच निदानाचे खात्रीचे साधन असून, ही सोय श्रीरामपूरकरांना लोणीच्या ग्रामीण दंत महाविद्यालयापर्यंत गेल्यास मिळू शकते. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीला मात्र वैद्यकशास्त्रात आधार नाही, आणि चट्टा दिसूनही रुग्ण महिनोन्‌महिने घरी थांबतो तो पुष्कळदा या समजुतीपायीच.