हिरवे समुद्रशैवाल : उपयोग आणि समतोल



तंजावर म्हटले की सरस्वती महाल आठवतो. परंतु या जिल्ह्यास पाल्क उपसागराचा किनाराही लाभला आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी बांधलेला मनोरा तेथेच आहे.

‘उल्वा’ या हिरव्या शैवालास खरी मुळे नसतात. पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट ते सर्वांगाने शोषते. म्हणूनच जलशुद्धी, खत व पशुखाद्य यांसाठी त्याचा अभ्यास होतो. मात्र पोषकद्रव्ये अतोनात वाढली की त्याची बेसुमार वाढ होते. २००८ मध्ये ऑलिंपिकपूर्वी चीनमधील चिंगदाओचा किनारा अशा शैवालाने व्यापला होता.

पाल्क उपसागरात सागरी गवताची कुरणे आहेत. हे गवत शैवाल नसून सपुष्प वनस्पती आहे आणि डुगाँगचे प्रमुख अन्न आहे. शैवालाचा दाट थर त्याचा सूर्यप्रकाश अडवतो. तंजावर व पुदुकोट्टई किनाऱ्यालगतचे सुमारे ४४८ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२२ मध्ये देशातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाले.

तात्पर्य, उल्वाचे स्थान महत्त्वाचे. कोळंबी तलावांचे सांडपाणी समुद्रात सोडण्यापूर्वी टाक्यांतच उल्वा वाढविल्यास उत्पन्नही मिळेल आणि कुरणेही वाचतील.