तीन आकडे आणि एक खूण

ज्याची सारी उमेद जिल्हा न्यायालयाच्या कचेरीत दाव्यांच्या फायली चाळण्यात गेली, त्याला परमुलखात गेल्यावरही डोंगर-दऱ्यांआधी कागदच दिसतात, ही खोड आता या वयात सुटण्यासारखी नाही. गेल्या डिसेंबरात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथे भाच्याकडे मुक्काम असताना बाहेर बर्फ पडत होते, घरातली मंडळी ते पाहायला खिडकीशी जमली होती, आणि मी मात्र जेवणाच्या टेबलावर पडलेला त्याच्या मोटारीच्या विम्याचा नूतनीकरणाचा कागद चष्मा सावरून वाचीत बसलो होतो.

त्या कागदाची गोष्ट सांगण्यापूर्वी एक सांगितले पाहिजे. अमेरिकेत मोटारविम्याची सक्ती मध्यवर्ती सरकारने केलेली नाही. ते ज्या त्या राज्याचे काम. १९२७ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने अशी सक्ती प्रथम अमलात आणली, आणि गंमत अशी की त्याच्या अगदी शेजारचे न्यू हॅम्पशायर आजही बहुतेक चालकांवर ती लादीत नाही. म्हणजे एका राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. न्यू जर्सीत ही सक्ती १९७३ च्या आरंभापासून आहे, आणि तिची कलमे इतकी गुंतागुंतीची की तिथे वीस वर्षे राहिलेला, गणितात पदवी घेतलेला माझा भाचाही ती न वाचताच दरवर्षी हप्ता भरीत आला होता.

कागदावर तीन आकडे होते : २५, ५० आणि २५. हे हजार डॉलर समजायचे. आपल्या चुकीने दुसऱ्या एका माणसाला इजा झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त पंचवीस हजार देणार; एकाच अपघातात कितीही माणसे जखमी झाली तरी सर्वांना मिळून पन्नास हजार; आणि दुसऱ्याच्या मोटारीची वा कुंपणाची मोडतोड झाली तर पंचवीस हजार. १ जानेवारी २०२६ पासून निघणाऱ्या वा नूतन होणाऱ्या विमापत्रांसाठी पहिले दोन आकडे ३५ आणि ७० होणार असल्याची सूचना त्याच लखोट्यात होती. भाच्याची मुदत जानेवारीतच संपत असल्याने ती त्याला लागू होती. "वाढले म्हणजे बरेच झाले की, मामा," तो म्हणाला, आणि कागद बाजूला सारू लागला.

मी त्याला एक हिशेब मांडून दाखवला. समज, तुझ्या मोटारीचा धक्का लागून कोणाचे मांडीचे हाड मोडले, आणि न्यायालयाने नव्वद हजार डॉलर भरपाई ठरवली. कंपनी पस्तीस हजार मोजून मोकळी होईल. उरलेले पंचावन्न हजार कोणी द्यायचे? पेन्सिलीने मी ती वजाबाकी लखोट्याच्या पाठीवर केली, तेव्हा खिडकीपाशी उभी असलेली त्याची बायको, आमची सूनबाई, हीही टेबलाशी येऊन बसली. आपल्याकडे मी पाहिलेली रीत निराळी होती. १९३९ च्या मोटार कायद्यातील तिऱ्हाइताच्या विम्याची सक्ती आपल्याकडे १ जुलै १९४६ पासून सुरू झाली, आणि पुढे १९८८ च्या कायद्याखाली, निदान माझ्या नोकरीच्या काळात, अपघातात माणूस दगावला वा जायबंदी झाला तर न्यायाधिकरण जी रक्कम ठरवी तिला विमा कंपनीच्या बाजूने मर्यादा नसे. कंपनीने कितीही खळखळ केली तरी अखेर पैसे कोर्टात भरावे लागत. त्यामुळे 'कायद्याने आवश्यक तेवढा विमा आहे' या शब्दांनी आपल्या माणसाच्या मनाला जी निश्चिंती वाटते, ती तो विमानातून तशीच बरोबर नेतो. तिथे मात्र 'आवश्यक तेवढा' याचा अर्थ, सरकार तुम्हाला रस्त्यावर येऊ देईल इतपत, एवढाच.

हे झाले दुसऱ्याला द्यावयाच्या भरपाईचे. स्वतःच्या जखमांचे काय? इथे या राज्याची खास तऱ्हा आहे. लहानसहान इजांच्या दाव्यांचा न्यायालयांत खच पडू नये म्हणून १९७२ च्या कायद्याने असे ठरवले की चूक कोणाचीही असो, औषधपाण्याचा खर्च प्रत्येकाने आपापल्या विमा कंपनीकडून घ्यावा. या भागाला तिथे 'पीआयपी' म्हणतात. त्याची मर्यादा अडीच लाख डॉलरपासून खाली पंधरा हजारांपर्यंत निवडता येते, आणि हप्ता कमी करण्याच्या नादात लोक नेमकी हीच कातरतात. स्वतःच्या मोटारीच्या दुरुस्तीचा विमा कायदा मागत नाही. तो मागते कर्ज देणारी बँक.

विमा नसताना गाडी चालवली तर पहिल्या खेपेस तीनशे ते हजार डॉलर दंड, वर समाजसेवेची सक्ती, शिवाय परवाना काही काळ बाद. दुसऱ्या खेपेस पाच हजारांपर्यंत दंड आणि चौदा दिवसांची कैद. शिवाय आपल्या गाडीचा विमा न उतरवता ती चालवणाऱ्याला, अपघातात दुसऱ्याची चूक शंभर टक्के असली तरी, आपल्या नुकसानीबद्दल दावा लावण्याचा हक्कच उरत नाही. हे कलम वाचून मी क्षणभर थबकलो. ज्याने नियम मोडला त्याला दंड करा, कैदेत घाला. पण त्याच्यासाठी न्यायालयाचा दरवाजाच बंद करणे आमच्या जुन्या कारकुनी मनाला रुचले नाही.

तिथल्या लोकांच्या व्यवहारातली शिस्त मात्र मी डोळ्यांनी पाहिली. ओक ट्री रोडवर एका वाणसामानाच्या दुकानाच्या आवारात कोणाची तरी मोटार मागे येता येता आमच्या गाडीला टेकली. दोघे चालक उतरले, दोघांनी डॅशबोर्डाचा खण उघडून विम्याचे कार्ड काढले, एकमेकांच्या कार्डाची छायाचित्रे घेतली, आणि सहा मिनिटांत दोघेही वाटेला लागले. आवाज चढला नाही, गर्दी जमली नाही, अपघात न पाहिलेले चार साक्षीदार पुढे आले नाहीत. खोटे कशाला बोलू, थोडा हिरमोड झाला.

आता त्या खुणेविषयी. विमापत्राच्या आतल्या पानावर एक चौकोन असतो. त्यात खूण करून 'दाव्यावरील मर्यादा' मान्य केली की हप्ता बराच उतरतो. मोबदल्यात, दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या वेदना आणि मनस्ताप यांबद्दल दावा लावण्याचा हक्क तुम्ही सोडता. अपवाद सहा : मृत्यू, अवयव तुटणे, लक्षणीय विद्रूपता वा व्रण, जागचे सरकलेले मोडके हाड, गर्भाची हानी, आणि कायमची इजा. खर्च आणि बुडालेली मजुरी मागता येते. वर्षभर पाठ दुखत राहिली आणि पुढे बरी झाली, तर त्या वर्षाची किंमत शून्य. आणि चौकोनात काहीच लिहिले नाही तर? कायदा ती मर्यादा तुम्ही मान्य केलीच असे धरतो. आपल्याकडे मौन म्हणजे संमती हे लग्नाच्या बोलणीपुरते ठीक आहे, पण इथे त्या मौनाने माणसाचा एक हक्क गहाण पडतो.

भाच्याने दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. दुसऱ्यास द्यावयाच्या भरपाईची मर्यादा माणशी एक लाख आणि अपघातास तीन लाख अशी वाढवून घेतली. पीआयपी पुन्हा अडीच लाखांवर नेली. विमा नसलेल्या चालकाने ठोकरले तर आपल्याला मिळणारे संरक्षणही त्याच मापाने वाढवले. हप्ता वाढला, पण त्याला धडकी भरली होती तितका नाही. फोनवरच्या बाईने शेवटी त्या चौकोनाबद्दल विचारले, तेव्हा मी टेबलापलीकडून जोरजोराने मान हलवून नकार दाखवीत होतो. त्याने मला हाताने थांबवले आणि खूण होती तशीच राहू दिली.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "मामा, मला जन्मात कोणावर दावा लावायचा नाही." पस्तीस वर्षे मी पक्षकारांना कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिले होते, आणि त्यांतले कितीजण हसत उतरले तेही पाहिले होते. मी कागदाची घडी घातली आणि सूनबाईकडे चहा मागितला.