राब, खाचर आणि डोंगर



भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यांच्या या संमेलनात अध्यक्ष म्हणून उभा आहे, पण सुरुवात आईच्या डोक्यावरच्या भाऱ्यापासून करतो. उन्हाळा लागला की ती डोंगरावर जायची आणि ऐन-किंजळीच्या पाल्याफांद्यांचा कवळ तोडून आणायची. शेण, कवळ, पालापाचोळा, वर माती असे थर देऊन भाताच्या रोपाची जागा भाजली जायची, तो राब. राबाने तण मरते, रोप जोमदार येते. वाडवडिलांनी तो उगाच धरला नव्हता. पण चार गुंठे रोपासाठी डोंगरावरची किती झाडे बोडकी होतात, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही.

न मांडलेला दुसरा हिशेब हवामानाचा. हवामानबदल म्हटले की डोळ्यांपुढे धुराडी येतात, भाताचे खाचर येत नाही. चिखलणी करून पाणी कोंडले की मातीतला प्राणवायू संपतो. मग काडीकचरा कुजवणारे जिवाणू मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. खताच्या नत्रातून निघणारा नायट्रस ऑक्साइड तर २७० पटींच्या घरात. याचा दोष कोणी मावळातल्या दीड एकरवाल्याच्या माथी मारणार असेल, तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. मात्र ज्यात हे वायू घटतात आणि या शेतकऱ्याचा खर्चही वाचतो, ते तंत्र त्याच्या बांधापर्यंत पोचलेच पाहिजे.

डॉ. ना. कृ. सावंत यांची भातशेतीची चारसूत्री तुम्हाला ठाऊक आहे. भाताच्या तुसाची राख रोपात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात, १५ आणि २५ सेंटीमीटरच्या अंतराने आवणी, आणि चार चुडांच्या मध्ये खोल दाबलेली युरिया-डीएपीची गोळी. फेकलेले खत पाण्याबरोबर वाहून जाते. दाबलेली गोळी मुळांच्या हाताशी राहते. गिरिपुष्प बांधावर वाढते, त्यासाठी डोंगर चढावा लागत नाही.

खाचर मधूनमधून वाळू द्या, मिथेन घटेल, असे पुस्तके सांगतात. वेल्ह्याच्या जुलैमध्ये ते कसे वाळवायचे? म्हणून नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचे सगुणा भात तंत्र मला इथे अधिक लागू वाटते. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोके पाडून बी टोकायचे. चिखलणी नाही, आवणी नाही, म्हणजे राबही नाही. कापणीनंतर मुळे जमिनीतच राहतात, कर्ब साठतो, गांडुळे येतात. तणनाशकावरचे त्याचे अवलंबित्व मला खटकते. त्याला आपल्याच शेतकऱ्यांनी पर्याय शोधला पाहिजे, आणि तो सापडेपर्यंत मी हे म्हणत राहणार.

आता डोंगर. हिरडस मावळ हे नाव घेताना हिरडा ओठांवर येतो. पानशेतच्या बाजूला धरणांच्या काळात रस्ते आले आणि हिरड्या-आंब्याची झाडे कोळशाच्या भट्ट्यांत गेली, हे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांची नोंद केली. सरकारी पहारा नसताना त्या वाचल्या होत्या, देवाच्या धाकाने. आज उतारांचे प्लॉट पडतात. जेसीबीने कापलेली माती धरणात उतरते आणि तिच्यातला कर्ब आपल्या हातून जातो. जे उरते त्याला उन्हाळ्यात वणवा लागतो. नवे गवत फुटते म्हणून कोणी आग लावतो, आणि दहा वर्षांची रोपटी एका रात्रीत जातात.

याच डोंगरांचे पाणी खाली जाते. वेळवंडीवरचे भाटघर धरण १९२८ साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर नीरेच्या कालव्यांखालचा ऊस उभा आहे. पानशेत-वरसगाव धरणे पुणे शहराला पाणी देतात. पाणी अडवणारा डोंगर ज्या गावांनी राखायचा, त्यांच्या पदरात काय पडते? या संमेलनाच्या ठरावात ही मागणी असावी असा माझा आग्रह आहे: ज्या गावाने वर्षभर वणवा लागू दिला नाही आणि कवळ तोडला नाही, त्याला खालच्या लाभक्षेत्राने दरवर्षी मोबदला द्यावा.

माझ्यापुरते ठरले आहे. येत्या हंगामात शेजारशेजारच्या दोन खाचरांत इंद्रायणी भात घेतो आहे. एकात नेहमीसारखी राबाच्या रोपाची आवणी, दुसऱ्यात गादीवाफे. खर्चाची वही बांधावरच ठेवीन. कापणीला या आणि दोन्ही खाचरांतले भात तुम्हीच मोजा.