जीपगाडीचे अंग : पोलादी की ॲल्युमिनियमचे?

काळी नदीकाठचे जुने सुपा गाव आज जलाशयाच्या तळाशी आहे. १०१ मीटर उंचीचे सुपा धरण १९८७ साली पूर्ण झाले. गाव बुडाले म्हणून तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. मुलूख मात्र बदलला नाही. तेच घनदाट रान, तेच चढउतार, जांभ्याची तीच तांबडी माती आणि चार महिने कोसळणारा पाऊस. विखुरलेल्या वाड्यांपासून डांबरी सडक दूर असते. अशा ठिकाणी जीपगाडी ही चैन नव्हे; आजाऱ्याला आणि अडलेल्या बाईला इस्पितळात पोहोचविणारे ते वाहन होय. म्हणून तिचे अंग कोणत्या धातूचे असावे, हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही.

ॲल्युमिनियमच्या अंगाची लँड रोव्हर १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात प्रथम जगापुढे आली. महायुद्धानंतरच्या इंग्लंडात पोलादाची टंचाई होती, म्हणून हलक्या मिश्रधातूचा पत्रा वापरला गेला. गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, मात्र पोलादीच होती. इकडे मुंबईत महिंद्रांनी विलीस जीपची जुळणी आरंभिली. तिचे अंग पोलादी पत्र्याचे, आणि आपल्या खेड्यापाड्यांना परिचय झाला तो हिचाच.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या एकतृतीयांश असते. पण त्याचा ताठपणाही साधारण तेवढाच कमी. म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो, आणि अखेरीस वजन एकतृतीयांशावर न येता सुमारे निम्म्यावर येते. तरीही हा लाभ लहान नाही. हलकी गाडी चिखलात कमी रुतते; वरचे अंग हलके असले की आडव्या उतारावर कलंडण्याचे भयही घटते.

गंजाच्या बाबतीत लोकसमज असा की, ॲल्युमिनियमला काही होत नाही. हे अर्धे सत्य आहे. हवेने त्यावर एक पातळ कवच बनते व ते आतल्या धातूस राखते. परंतु ओल्या जागी त्याचा पोलादाशी उघडा स्पर्श झाला, तर दोन धातूंमध्ये विद्युत्‌रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसू लागली की ओळखावे. जुन्या लँड रोव्हरचे पत्रे बाहेरून धड असतात, पण सांध्यांपाशी ते कुरतडले जातात आणि खालची चासी गंजून जाते.

मोठा फरक पडतो तो दुरुस्तीत. पोलादी पत्र्याला पोचा आला तर गावातला वेल्डिंगवालाही तो ठोकून, जोड देऊन गाडी रस्त्यास लावतो. ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही आणि सुमारे ६६० अंशांना एकाएकी वितळते. अननुभवी हातून जोडाऐवजी भोकच पडते. त्यास आर्गॉन वायूचे यंत्र व शिकलेला कारागीर लागतो. गाडी शहरातील कारखान्यात आठवडाभर उभी राहिली, तर तेवढे दिवस वाडी वाहनावाचून राहते. अशा मुलखात हे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

आणखी एक गोष्ट सुप्याने विसरू नये. एक किलो ॲल्युमिनियम गाळण्यास सुमारे १४ युनिट वीज खर्ची पडते. ज्या विजेसाठी एक गाव पाण्याखाली गेले, तिचे मोल येथे निराळे सांगावयास नको. जुने ॲल्युमिनियम पुन्हा वितळविण्यास मात्र याच्या अगदी थोडा अंश वीज पुरते. म्हणून त्याचा तुकडाही टाकू नये.

२०२० साली आलेल्या नव्या लँड रोव्हर डिफेंडरचे अंग आणि सांगाडा एकत्र व ॲल्युमिनियमचे आहेत. ज्याच्यामागे सुसज्ज कारखाना आहे, त्याला ते शोभते. जोयड्याच्या जीपवाल्याला आज तरी पोलादच हितकारक. मात्र पोलादाला सेवा लागते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गाडीच्या पोटाखालचा चिखल धुवावा, पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत, खरचटलेल्या जागी लगेच रंग द्यावा. ॲल्युमिनियमचा एखादा भाग बसवायचाच, तर मध्ये रबराची पट्टी घालावी. धातू कोणताही असो, रात्री-अपरात्री हाक आली असता गाडी दारातून निघाली पाहिजे; तिची खरी कसोटी तीच.