शेत सोपविण्याची वेळ

शेतकऱ्याच्या घरी एक प्रश्न असा असतो, की तो सर्वांच्या मनात असतो आणि कोणाच्याही तोंडी नसतो. वडिलांच्या मागे हे शेत कोण करणार? त्यांच्या हयातीत तो काढणे म्हणजे त्यांच्या मरणाची वाट पाहणे, असे मुलांना वाटते. आणि आपण होऊन तो काढणे म्हणजे हातातली सत्ता सोडणे, असे वडिलांना वाटते. मग उत्तर देण्याचे काम महसुली दप्तरावर येऊन पडते. दिवसकार्य आटोपले की वारसनोंद होते, फेरफार मंजूर होतो आणि सातबाऱ्यावर एका नावाच्या जागी पाच नावे चढतात. जमिनीला मालक मिळतात. शेताला शेतकरी मिळाला की नाही, हे त्या कागदावरून कळत नाही.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाटण्यांनी काय होते, हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी दाखवून दिले आहे. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. १७७१ साली त्या गावी एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१४-१५ मध्ये ती ७ एकरांवर आली होती. सारी जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरली होती आणि त्यांतले निम्म्याहून जास्त तुकडे एका एकराच्या आतले होते. आज ते गाव पिंपरी-चिंचवड शहरात सामावून गेले आहे. पण देशभर तीच गोष्ट चालू आहे. कृषिगणनेप्रमाणे भारतातील वहितीचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली २.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ साली १.०८ हेक्टर झाले.

तुकडे का पडतात? त्यामागे दुष्टावा नसतो, न्यायबुद्धीच असते. काळी जमीन एकाला आणि बरड दुसऱ्याला देणे कोणालाच बरे वाटत नाही. म्हणून प्रत्येक प्रतीच्या जमिनीत प्रत्येकाला हिस्सा. विहीर सर्वांना हवी, गाडीवाट सर्वांना हवी. म्हणून लांबच लांब पट्टे. नव्या बांधाखाली जमीन जाते आणि त्या बांधावरून पुढे भावाभावांत कोर्टकचेरी होते. मुंबई राज्याने १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला, तरी अनेक ठिकाणी कागदावर शेत एक राहिले आणि वहिवाटीत त्याचे चार झाले.

याच न्यायबुद्धीला घरातल्या मुलीचा मात्र फार काळ विसर पडला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्शात वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मात्र मुलाचाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित मुलींपुरता आणि केंद्राने २००५ साली सर्व मुलींना हा हक्क दिला. २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तरीही माहेर तुटू नये म्हणून बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. ज्या सहीची किंमत माहेरपणाच्या साडीने फिटते, तिला दान म्हणवत नाही. बहीण आपला वाटा सोडो वा ठेवो, तो किती आहे हे तिला आधी आकड्यात सांगितले पाहिजे.

दुसरा वारस दूर गेलेला. इंदूर, बडोदे, दिल्ली येथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी माणसांची नावे आजही गावच्या सातबाऱ्यावर आहेत. त्यांनी हिस्सा सोडावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जो भाऊ ती जमीन कसतो, त्याला विहीर खोल करायची तर प्रत्येक सहीसाठी ताटकळावे लागते. ज्याला कसायचे नाही त्याने ती भावाला लेखी कराराने कसायला द्यावी, अथवा रास्त मोबदला घेऊन मोकळे व्हावे. वारसापैकी एकजण हिस्सा विकू लागला, तर तो घेण्याचा पहिला अधिकार १९५६ च्या कायद्याच्या २२ व्या कलमाने इतर वारसांना आहे. तो शेतजमिनीलाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले.

पण कायदा हिस्सा ठरवतो. शेती सोपवू शकत नाही. कोणत्या वावरात पाणी साचते, विहिरीचा झरा कोणत्या महिन्यात आटतो, कोणत्या बांधाला पहिल्या पावसात भगदाड पडते, हे ज्ञान कोणत्याही उताऱ्यावर नसते. ते सोबत राबूनच मिळते. आणि चुकण्याची मुभा असेल तरच ते अंगी मुरते. पन्नाशीला टेकलेला मुलगा बियाण्याच्या पैशासाठी वडिलांपुढे हात पसरतो, हे दृश्य आपल्याकडे दुर्मिळ नाही. त्याला आपण आज्ञाधारकपणा म्हणतो. वस्तुतः तो शेतकरी होण्याचा राहूनच गेलेला असतो. त्याच्या विशीतच, मग तो मुलगा असो की मुलगी, एक वावर त्याच्या हिशेबावर सोपवावे. पीक त्याने निवडावे, तोटा त्याने सोसावा, नफा त्याच्या हाती राहावा.

आणि वडिलांनी हात जोडून बाजूला व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. म्हातारपणाची सोय, आईचा निर्वाह, तिच्या नावावर काही जमीन, पाण्याच्या पाळ्या, डोक्यावरचे कर्ज, या साऱ्यांची बोलणी सर्व मुलामुलींना एकत्र बसवून करावीत आणि ती लिहून ठेवावीत. त्या बैठकीत कटू शब्द निघतील. परंतु तेव्हा ते मिटविणारा माणूस समोर बसलेला असेल. तो गेल्यावर निघालेले शब्द मिटविण्यासाठी वकील लागतो, आणि त्याच्या फीपायी कित्येकदा तोच तुकडा विकावा लागतो, ज्यासाठी भांडण झाले.