मदन महलाच्या पायथ्याचे पाणी

जबलपूरला मदन महलाची टेकडी चढणाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतात ते ग्रॅनाइटचे प्रचंड गोल धोंडे. त्यांतील एक दुसऱ्यावर इतक्या अल्प आधाराने टेकला आहे, की २२ मे १९९७ च्या भूकंपातही तो ढळला नाही याचे नवल आजही सांगितले जाते. माथ्यावर गोंड राजा मदनसिंह याच्या नावाची छोटी गढी आहे. गोंड राज्यकर्त्यांचे शहाणपण मात्र गढीपेक्षा पायथ्याशी अधिक दिसे. अशा कठीण खडकात पाणी मुरते ते भेगांतून. म्हणून पावसाचे पाणी तळ्यांत अडविले जाई. जबलपूरला बावन्न तळी होती, अशी ख्याती आहे. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे वस्त्यांना चिकटून राहिली. कित्येक तळी बुजली. सांडपाणी ओमती व मोती या नाल्यांच्या वाट्यास आले.

तळ्यांच्या काळी पाण्याची पारख डोळा, नाक आणि जीभ करीत. पुढे प्रयोगशाळा आल्या. पण त्याही, जे शोधावयास सांगावे तेच शोधतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत शिसे, आर्सेनिक, डीडीटी यांच्या मर्यादा आहेत. प्रतिजैविक औषधांच्या अवशेषांची नाही. कोष्टकात नाही ते पाण्यातही नाही, असे मानण्याची कचेऱ्यांना सवय असते. अशा द्रव्यांना शास्त्रज्ञ ‘उदयोन्मुख प्रदूषके’ म्हणतात. नाव थोडे फसवे आहे. द्रव्ये बहुधा जुनीच असतात. नवे असते ते त्यांच्याकडे गेलेले लक्ष.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घ्या. गुरांना ते टोचले जाई. मेलेले गुरू गिधाडे खात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. कारण उलगडले २००४ साली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली होती. २००७ च्या गणनेत ती १९९२ च्या मानाने हजारी एक उरली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या. अखेर २०१५ मध्ये कुपीच ३ मिलिलिटरची करावी लागली.

दुसरे उदाहरण ‘पीफास’ या फ्लोरीनयुक्त संयुगांचे. न चिकटणारे तवे, डाग न धरणारे कापड, आग विझविणारा फेस यांत ती वापरली गेली. फ्लोरीन व कार्बन यांचा बंध निसर्गात सहसा तुटत नाही. यांतील काही संयुगे रक्तात वर्षानुवर्षे टिकतात. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांपैकी दोघांची पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ठरविली ती एक लक्ष कोटी भागांत ४ भाग. इटलीत त्रिस्सिनो येथील कारखान्याने व्हेनेतो प्रांताचे भूजल बाधित केले. २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले, आणि जून २०२५ मध्ये अकरा अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरविले. मध्यंतरी त्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे येथे आली. भोवतालच्या विहिरी आतापासून नियमाने तपासल्या, तर उद्या तुलनेस निदान आजचा आकडा असेल.

ही द्रव्ये उकळल्याने जात नाहीत. उलट पाणी आटते तसे त्यांचे प्रमाण वाढते. घरगुती शुद्धियंत्राचा सूक्ष्म पडदा त्यांना पुष्कळसा अडवितो. पण अडविलेले नष्ट होत नाही. मदन महलाच्या पायथ्याच्या घरांतही त्या यंत्राची दुसरी नळी मोरीत सोडलेली असते, आणि मोरीचे पाणी नाल्याला जाते.